अजमतचाचांना तिसरी सूचना

कबुतरं पाळणाऱ्या माणसाला दोन कामं चांगली येतात. एक, मान मोडेस्तोवर आभाळाकडं बघत बसणं. दुसरं, दुसऱ्याच्या कबुतराला नावं ठेवणं. जालन्याकडच्या शौकिनांत तर हे दुसरं काम रीत म्हणूनच करतात. कुणाचं पाखरू मनात भरलं, तर त्याला चुकूनही चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की नजर लागते, आणि नजर लागलेलं पाखरू वर गेलं की खाली येत नाही, अशी समजूत. म्हणून जितकं पाखरू देखणं, तितकी शिवी घसघशीत. आणि परक्या माणसाचं, आपल्याला घेणंदेणं नसलेलं पाखरू असेल, तर ‘छान आहे’ म्हणून वाटेला लागायचं.

आदिनाथला हे ठाऊक होतं. बदनापूरला त्याच्या गच्चीवर सोळा कबुतरांची ढाबळ होती आणि नोकरी जालन्यात, एका बियाणे कंपनीच्या कचेरीत. पत्रं, परिपत्रकं लिहिण्याचं काम. हात लिहिता होता म्हणूनच ‘जालना कबुतर शौकीन’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद त्याच्या गळ्यात पडलं. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. सकाळी कबुतरांचे फोटो, दुपारी औषधांची चौकशी आणि संध्याकाळी भांडण, असा नेम.

फेब्रुवारीत मात्र भांडण हाताबाहेर गेलं. घनसावंगीचा भुजंग आणि जालन्याचा अतिक यांच्यात कुणाचं कबुतर किती तास उडालं यावरून जुंपली. तासांवरून गोष्ट आयाबहिणींवर गेली, आणि दुसऱ्या दिवशी भुजंग चार जण जीपमध्ये घालून जालन्यात आला. अतिक नेमका लग्नाला गेला होता म्हणून डोकी शाबूत राहिली. त्या आठवड्यात एकतीस जण ग्रुप सोडून गेले. आता काहीतरी केलं पाहिजे, हे आदिनाथचं म्हणणं बरोबरच होतं.

त्यानं नियम लिहिले. लिहिले ते कचेरीत लिहितो तसेच. ‘सदर समूहावर कोणत्याही सदस्याबद्दल अथवा त्याच्या कबुतराबद्दल अपमानकारक मजकूर टाकू नये. दोन वेळा सूचना देण्यात येईल. तिसऱ्या वेळी सदस्यास समूहातून कमी करण्यात येईल.’ यातलं ‘अथवा त्याच्या कबुतराबद्दल’ हे त्यानं पळवाट राहू नये म्हणून घातलं. परिपत्रकात पळवाट ठेवायची नाही, हे कचेरीनं त्याला शिकवलं होतं. शौक मात्र त्याला कचेरीनं शिकवला नव्हता.

तो शिकवला अजमतचाचांनी. चाचा जुन्या जालन्यात राहायचे. मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान त्यांनी पोरांवर सोपवलं होतं आणि आता सत्तरीत दिवसभर छतावर असायचे. आदिनाथ सतरा वर्षांचा असताना त्याच्या हातात पहिलं कबुतर त्यांनीच दिलं, आणि देताना म्हणाले होते, “घे, ह्ये बी बावळट अन्‌ तू बी.” तेव्हापासून एकोणीस वर्षं आदिनाथ दर रविवारी त्यांच्याकडं जात होता. आवाज न देता जिना चढायचा, पाण्याची भांडी घासायची, भरायची, मग गप्पा. बाप लवकर गेलेल्या आदिनाथला रागावणारं माणूस एवढं एकच उरलं होतं.

चाचा टाइप करत नसत. फोन तोंडाजवळ धरून बोलत आणि पाठवून देत. नियम लागू झाल्यावरही त्यांचा आवाज तसाच चालू राहिला. कुणाच्या नराला म्हणाले, “ह्याला उडवायला आभाळ न्हाई, रिक्षा लागंल.” पहिली सूचना गेली. चाचांनी हसून उत्तर पाठवलं, “अबे गधे, मला सूचना देऊन राह्यला का?” लोकांनी हसण्याची चित्रं टाकली आणि गोष्ट तेवढ्यावर निभावली.

दुसऱ्या वेळी निभावली नाही. संध्या नावाच्या एका प्राध्यापक बाई नव्यानं ग्रुपवर आल्या होत्या. त्यांनी आपल्या पांढऱ्या लक्का कबुतराचा, पिसारा फुलवलेला फोटो टाकला. चाचांचा आवाज आला, “बाई, ह्ये कबुतर न्हाई, कोबीचा गड्डा हाय. भाजी टाका.” चाचांच्या हिशेबानं ही मोठी दाद होती. बाईंना ती कशी कळावी? त्यांनी लिहिलं, ‘मी इथं अपमान करून घ्यायला आलेले नाही.’ त्यांचंही चुकलं नव्हतं. आदिनाथनं दुसरी सूचना लिहिली, चाचांच्या नावासकट, सगळ्यांदेखत. चाचांचं घर त्याच्या कचेरीपासून मोटारसायकलनं दहा मिनिटांवर होतं. पण जिना चढून जे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, ते त्यानं फोनवर क्रमांक घालून लिहिलं.

तिसरी वेळ त्याच्याच कबुतरावर आली. मे महिन्यातल्या उडवण्याच्या स्पर्धेला त्यानं आपला राखी नर उतरवायचं ठरवलं होतं. पिल्लापासून वाढवलेला, त्याचा जीव की प्राण. कौतुकानं त्यानं पंख पसरलेला फोटो टाकला आणि पाचव्या मिनिटाला चाचांचा आवाज आला. आदिनाथ कचेरीत होता. त्यानं फोन कानाला लावला. “अबे गधड्या, ह्ये कबुतर हाय का भरलेलं वांगं? कुठं उडवायला निघाला...” एवढं आठ सेकंदांत ऐकून झालं. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि खाली भुजंगचा मजकूर आला, ‘अॅडमिनसाहेब, नियम सगळ्याला सारखा ना?’

पाठोपाठ वीसेक जणांनी भुजंगच्या मजकुराखाली होकाराचे अंगठे टाकले. आपल्या उस्तादाला सूट दिली तर उद्या कुणालाच काही बोलता येणार नाही, हे आदिनाथला दिसत होतं. पण उस्तादाला काढायचं कसं, हे कळत नव्हतं. साहेबांनी दुसऱ्यांदा हाक मारली. त्यानं चाचांचा आवाज सगळ्यांसाठी पुसला, चाचांना काढलं, आणि फाइल घेऊन आत गेला.

ग्रुप सुधारला, यात शंका नाही. बाया आल्या, डॉक्टर आले. फोटोखाली ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘नाद खुळा’ यांच्या रांगा लागू लागल्या. रविवार आला की आदिनाथला जिना आठवायचा आणि लाज वाटायची. या रविवारी नको, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत पाच रविवार गेले.

मग भुजंगनं सरावाला आपला नर सोडला. त्या नरावर ग्रुपनं कौतुकाचा पाऊस पाडला होता. तो चाळीस मिनिटांत शेजाऱ्याच्या पत्र्यावर चोच उघडून बसला. खाली अठ्ठावन्न लोकांनी लिहिलं, ‘छान प्रयत्न.’ ते वाचून आदिनाथनं आपल्या नराचा फोटो पुन्हा उघडला. त्याच्या राखी नरालाही सगळे सुंदरच म्हणत होते. मेच्या उन्हात कच्चं पाखरू वर सोडलं तर ते उरत नाही. आणि पाखरू कच्चं आहे की पक्कं, हे हातात धरून सांगणारा माणूस त्यानं स्वतःच्या बोटानं काढून टाकला होता. ते पुसलेलं बोलणं दोन मिनिटांचं होतं. आठ सेकंदांपुढं काय होतं?

सहाव्या रविवारी तो नराला भोकं पाडलेल्या खोक्यात घालून जुन्या जालन्यात गेला. सवयीनं जिन्याकडं वळला, तर चाचांची सून रजिया पुढं आली. “तुम्ही बसा ना. अब्बांना बोलावते,” म्हणाली आणि तिनं खुर्ची मांडली. या घरात खुर्चीवर तो आजवर बसला नव्हता.

चाचा खाली आले ते सदरा घालून. एरवी बनियनवर असत. “या, या आदिनाथराव. ऑफिस बराबर चालू हाय ना?”

आदिनाथनं खोकं पुढं सरकवलं. “चाचा, हा नर. येत्या रविवारी स्पर्धेत उडवायचा म्हणून राह्यलो. बघा ना जरा.”

चाचांनी लांबूनच पाहिलं. “लय सुंदर पाखरू हाय. रंग छान. डोळा छान.”

“हातात घेऊन बघा.”

चाचांनी नर हातात घेतला. अंगठा छातीच्या हाडावरून फिरवला, डावा पंख उघडून उजेडात धरला. एका पिसाशी अंगठा थांबला. आदिनाथ त्यांच्या तोंडाकडं बघत होता. चाचांनी पंख मिटला आणि नर परत खोक्यात ठेवला. “छान हाय.”

“उडवू का मंग?”

“तुमचं पाखरू, तुमची मर्जी.”

“चाचा, त्या दिवशी तुम्ही काय बोलल्ते? मी पुरं ऐकलं न्हाई.”

चाचांनी पहिल्यांदा मान वर केली. “पुरं न्हाई ऐकलं?”

“न्हाई.”

“न ऐकताच काढलं?”

रजियानं चहा आणून ठेवला, बशीत बिस्किटंही होती. चाचांनी कप आदिनाथकडं सरकवला. मग हळू म्हणाले, “आता ध्यानात न्हाई, साहेब. म्हातारा झालो.”

“चुकलं माझं,” आदिनाथ म्हणाला. “ग्रुपमधी परत घेतो तुम्हाला, आत्ता घेतो. चाचा, गधा म्हणा. काय वाटंल ते म्हणा.”

“तोबा, तोबा,” चाचा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर आदिनाथनं आनंदानं झेलला असता. “तुमच्यासारख्या शिकलेल्या मान्साला असं बोलतेत का? चहा घ्या, थंड होऊन राह्यला.”

आदिनाथनं चहा घेतला. नर उडवायचा नाही, हे त्यानं मनाशी ठरवलं. त्या थांबलेल्या अंगठ्याइतकंच काय ते त्याच्या हाती लागलं होतं. छतावर पाण्याची भांडी कुणी घासली असतील, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. तो खोकं उचलून उठला.

चाचाही उठले. त्यांनी चपला घातल्या आणि गुडघे धरत त्याच्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत आले. मोटारसायकल चालू होईपर्यंत उन्हात उभे राहिले.

“पुन्हा या, आदिनाथराव,” ते म्हणाले. “येताना तेवढा फोन करून या. म्हंजे मी घरी थांबंन.”

एकोणीस वर्षांत चाचा त्याला पोचवायला पहिल्यांदाच आले होते.