पाचातले तीन

मित्रांनो, तुमच्या करंगळीएवढा मी एक जुना लोहचुंबक आहे. माझ्या अंगावर एकच नाव आहे, हारग्रीव्ह. मेलबर्नच्या एका फुटबॉल क्लबात प्रशिक्षकांच्या फळ्यावर मी बरीच वर्षं काढली. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही झेलतात. फळ्यावरच्या मैदानात मला जिथे लावत, तिथे क्लेटन हारग्रीव्ह खेळे. समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून तो आभाळातला चेंडू झेली, तेव्हा लोक उभे राहत. जायबंदी खेळाडूंची नावं उजव्या कोपऱ्यात जात. काही तिथून परत येत नसत.

हंगामाआधी सगळ्यांच्या डोक्याची परीक्षा होई. डॉक्टर नोरीन पाच शब्द वाचे, खेळाडूने ते परत म्हणायचे. पुढे डोक्याला मार बसला, की पुन्हा परीक्षा. आधीइतके शब्द आठवले, तर खेळायला मोकळा.

व्हिन्स हा संघातला जुना गडी. तो क्लेटनच्या कानाशी लागला, "शहाण्या, पाचही सांगू नकोस. आत्ता तीनच सांग. मग टाळकं फुटलं तरी तीन तर येतील!"

नोरीनने वाचलं, "घोडा, चमचा, पाऊस, खिडकी, लिंबू."

"घोडा, चमचा... लिंबू," क्लेटन म्हणाला. तिची पाठ वळताच तो व्हिन्सकडे बघून पुटपुटला, "पाऊस, खिडकी." दोघं हसले. मलाही ती हुशारी वाटली.

जुलैत एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला.

"डोकं दुखतंय का रे?" नोरीनने विचारलं.

"असतं तर दुखलं असतं ना, डॉक्टर!"

तिने नवे पाच शब्द वाचले. त्याने तीन सांगितले. मी मैदानातच राहिलो.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. शेवटी त्याला तीनही येईनात. प्रशिक्षकांनी मला उजव्या कोपऱ्यात सरकवलं. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी काढली. उजेड सोसत नव्हता म्हणून त्याने डोळ्यांवर हात धरला होता. लोकांना वाटलं, रडतोय.

आता मी त्याच्या घरी फ्रिजच्या दारावर असतो. परवा त्याची बायको ग्रेटा म्हणाली, "दूध, पाव, अंडी, कांदे, साबण. एवढं आण हं."

तो तीन वस्तू घेऊन आला. तिने त्या बाहेर काढल्या आणि पिशवीत पुन्हा एकदा पाहिलं.

"मुद्दाम विसरलास ना?"

"नाही गं," तो म्हणाला.

तिने पिशवीची घडी घातली.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला कुठल्याही कोपऱ्यात लावा, मला काही होत नाही. तुम्हाला लागलं, तर जेवढं लागलं तेवढं सांगा.