धुण्याची हौस

गावात सगळे त्याला पाइपवाला म्हणायचे, आणि का म्हणू नयेत? सकाळ-संध्याकाळ हातात पाइप. डुकरांचं शेड धुऊन धुऊन त्यानं फरशी अशी लखलखीत केली होती की पाहुण्याला तिथंच ताट वाढावं. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. डुकरं पाळतो म्हणून जन्मभर लोकांनी नाकाला रुमाल लावला, तेव्हा त्यानं मनाशी पक्कं केलं होतं की, बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही.

एवढं पाणी जायचं कुठं? शेडमागच्या घाणीच्या खड्ड्यात. खड्डा कधी काठोकाठ भरायचा, कधी उतू जायचा. उताराला त्याच्या थोरल्या बहिणीचं घर आणि अंगणात तिची विहीर. आई गेल्यावर याच ताईनं त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

एका दुपारी चढावर त्याला ताई दिसली. दोन्ही हातांत पाण्याचे डबे, गुडघा दुखतोय म्हणून दर चार पावलांवर टेकायची.

"अगं, दारात विहीर असताना हे काय?" त्यानं डबे ओढूनच घेतले.

"विहिरीला वास येतो रे," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तू एवढ्या हौसेनं धुतोस. म्हटलं, पोराचं मन कशाला मोडा."

साठीला आलेलं पोर! त्यानं त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तोंडानं फटकळ. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून आणली आणि सरळ सांगितलं, "हे पाणी प्यायचं नाही. उकळूनसुद्धा नाही."

"डुकरं जास्त झाली का, बाई?"

"झालीच आहेत. पण खड्डा भरतोय तो तुमच्या पाइपानं. डुकराला पाणी प्यायला लागतं हो, तुमच्या हौसेला नाही. आणि ओली जागा दिसली की डुक्कर तिथंच घाण करतं. तुम्ही सगळी फरशी ओली करता, मग ते बिचारं सगळीकडे करतं. कोरडं ठेवून बघा, आपणहून एक कोपरा धरेल."

म्हणजे इतकी वर्षं घाण धुतोय म्हणून जो मिरवत होता, तो घाण वाढवत होता! त्याला धड रागही येईना, कारण राग धरायला दुसरं कोणी नव्हतंच.

त्यानं पाइप गुंडाळून ठेवला. शेडभर जाड भुसा अंथरला. भुशावर जनावरांना जागा जास्त लागते, म्हणून निम्मी डुकरं विकली. बायको कुरकुरली, पण तिच्या शिलाईच्या दुकानाची मिळकत घराला होती, आणि नणंदेवर तिचा जीवही होता. खड्डा उपसून पक्का बांधला. थोड्याच दिवसांत डुकरांनी खरंच एक कोपरा धरला आणि उरलेल्या कोरड्या भुशात ती सुखानं लोळू लागली.

मग त्यानं भीत भीत बाईंना विचारलं, "आता विहीर कधी सुधारेल?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "जमिनीत मुरलंय ते. वर्षं लागतील. किती, ते मी नाही सांगू शकत. ताईंचं वय…"

तो पाण्याचे डबे घेऊन ताईकडे गेला. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. डबे खाली ठेवले आणि तो तिच्याजवळ बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. "ताई, तुझ्या हयातीत तुला तुझ्या विहिरीचं पाणी मी देऊ शकत नाही गं."

तिनं त्याला रडू दिलं. मग पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"मला नाही तर नाही. माझ्यामागं जो कोणी या घरात राहील, तो तरी पिईल ना? पुन्हा भरू देऊ नकोस तो खड्डा म्हणजे झालं," ती म्हणाली. "आता ऊठ बाळा. पेलाभर पाणी दे, मला तहान लागलीय."