चंद्रोदय, न्यूयॉर्क मुक्कामी

पंचवटीतल्या वेणीमाधव गुरुजींचा एक निकाल पक्का होता. परदेशातले यजमान फोन करून विचारायचे, गुरुजी, संकष्टी कुठल्या चंद्रावर सोडायची, नाशिकच्या की इथल्या? गुरुजी म्हणायचे, "मुक्काम जिथं, चंद्र तिथला." त्यात सूट नाही, सवलत नाही. बिचारे यजमान उपाशीपोटीच नमस्कार सांगून फोन ठेवायचे.

आता हेच गुरुजी न्यूयॉर्कला लेकीकडे, इराकडे निघाले, तेही नेमके अंगारकीला. मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. विमान पहाटे दोनला. गुरुजींनी बोटांवर मोजलं, दोन आणि सोळा, म्हणजे संध्याकाळचे सहा. पुढं तीन तासांत चंद्रोदय. "झोपेतच उपास पार पडेल," असं ते बायकोला, सुमेधाताईंना ऐटीत म्हणाले. जगाला पंचांग सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या वेळी घड्याळ मात्र नाशिकचं धरलं, आता बोला. गुडघ्यांमुळे सुमेधाताई घरीच राहिल्या.

विमानात जेवणाचा ट्रे आला, गुरुजींनी परत पाठवला. दुसरा आला, त्याचा वास जरा जास्तच छळून गेला. साबुदाणा, फळं असले लाड त्यांना कधीच चालत नसत, म्हणून ते नुसत्या चहावर राहिले. सोळा तासांनी उतरून बघतात तर बाहेर लख्ख ऊन. घड्याळात सकाळचे साडेआठ, वार तोच मंगळवार. सोळा तास उडून दिवस जेमतेम साडेसहा तास पुढं सरकला होता. गुरुजींनी पुन्हा बोटांवर मोजायला घेतलं.

इरा त्यांना घरी घेऊन आली. दुपारी बाराच्या सुमाराला सुमेधाताईंचा फोन.

"अहो, इथं चंद्र दिसला. मोदक खाऊन हात धुतले आत्ताच. तुमचा चंद्र कधी?"

"रात्री पावणेदहाला."

"असू दे. मुक्कामच तिथं, त्याला कोण काय करणार," म्हणून त्या पोटभर हसल्या.

इरानं पुढ्यात वरणभाताचं ताट आणून ठेवलं. गुरुजींनी मान फिरवली, पण डोळे ताटाकडेच वळत होते. आणि तेव्हा त्यांना आठवलं. आठ वर्षांपूर्वी इरा शिकायला इथं उतरली, त्या दिवशीही संकष्टीच होती. विमानतळावरून तिनं फोन केला होता, "बाबा, नाशिकला चंद्र उगवला असेल ना? मी जेवू?" पोरगी एकटी, परक्या देशात, आणि ह्यांनी ताडकन तोच निकाल ऐकवला होता. गुरुजींना भुकेपेक्षा लाज जास्त वाटली. आता आपण जेवलो तर तिला तोंड कसं दाखवायचं?

त्यांनी ताट दूर सारलं. "तू तेव्हा रात्रीपर्यंत थांबलीस. मीही थांबतो."

"मी नव्हते थांबले, बाबा," इरा म्हणाली. "विमानतळावरच सँडविच खाल्लं. आधी खाल्लं, मग तुम्हाला फोन केला."

गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. "खाऊन झालं होतं, तर विचारलंस कशाला?"

इरा खाली बघत भातावर तूप वाढत होती. "फार एकटं वाटत होतं. वाटलं, तुम्ही 'जेव बाळा' म्हणाल."

गुरुजींनी ते ताट उचलून तिच्यापुढं ठेवलं.

"जेव बाळा," ते म्हणाले. "आणि मलाही वाढ."