काचेवरचं गाढव

फर्रर्र… थांब. फर्रर्र… थांब.

किती वर्षं झाली कोण जाणे, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला वाटलं, खोलीत एखादं पाखरू शिरलंय आणि बाहेरची वाट शोधतंय. पाखरू कुठलं! माझ्यावर एक माणूस वाकला होता. डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत त्याने कागद धरले होते. एकेक कागद खाली सोडायचा, पुन्हा वर घ्यायचा. आणि त्या कागदांवर एक ओला कुत्रा अंग झाडत होता. आधी डोकं, मग पाठ, मग शेपटी. मी लाकडाचा, मला काय कळतंय! पण आता पाणी उडणार म्हणून मी जागच्या जागी दचकलो.

मी लाइटबॉक्स बोलतोय. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. उतरत्या पाठीचं लाकडी मेज, मधोमध दुधी काच, काचेखाली दिवा, आणि काचेच्या कडेला तीन खुंट्या. कागदांना भोकं पाडून ते या खुंट्यांत अडकवायचे, म्हणजे कागदावर कागद ठेवला तरी केसभर हलत नाही. दिवा लावला की खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. खालच्यात हात खाली आहे, तर वरच्यात थोडा वर घ्यायचा, त्याच्या वरच्यात आणखी थोडा. मग कागद भराभर सोडले की हात हलतो. हाताने काढलेली कार्टून फिल्म बनायची ती अशी.

माझं शिक्षण विचाराल तर कागदाच्या कोपऱ्यातले आकडे तेवढे मला वाचता येतात. बाकी जे काही कळलं, ते बघून बघून.

मला बनवणारा सुतार मनापासून वैतागला होता. "असलं कसलं टेबल? पेन्सिल ठेवली की घरंगळते!" असं म्हणून त्याने माझ्या खालच्या कडेला एक पट्टी ठोकली. त्या पट्टीने पुढे किती पेन्सिली वाचवल्या, ते त्याला कोणी सांगितलं नसेल.

स्टुडिओत आम्ही ओळीने बसायचो, शाळेतल्या बाकांसारखे. माझ्या वाट्याला आला तो माणूस तेव्हा तरुण होता, पण सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शिकवायचा कोणालाच नाही. चष्मा आणि चेहरा मात्र थेट मास्तरांचा.

मास्तरांनी माझ्या बाजूला एक आरसा लावला होता. त्यात बघून ते तोंडं करायचे. गाल फुगवायचे, डोळे वटारायचे, शिंक येऊन अडल्यासारखं करायचे. मग ते तोंड कागदावर उतरायचं. एकदा त्यांच्या पत्नी डबा द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, दात दुखतोय का?"

"कोल्हा आहे मी," मास्तर आरशातून म्हणाले. "लाजतोय."

"कोल्हा लाजल्यावर असा दिसतो?"

"तेच तर जमत नाहीये."

बाईंनी डबा ठेवला, पदर तोंडाशी धरला आणि मान जराशी वळवून हसल्या. मास्तर ओरडले, "हां! थांब! हलू नकोस!" त्या फिल्ममधला कोल्हा पाहिलात तर ओळखाल. तो बाईंसारखा लाजतो.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे गप्पा मारायचे, तेव्हा मास्तर कपाटातून जुन्या चित्रकारांचे कागद काढायचे. काम सोडून गेलेल्या, काही तर जगही सोडून गेलेल्या माणसांचे. ते माझ्यावर चढवायचे आणि सोडत बसायचे. त्यात एक लठ्ठ आचारी होता. हातात मोठं ताट घेऊन धावत येतो आणि दारात थांबतो. मास्तर ते थांबणं पुन्हा पुन्हा बघायचे.

"बघा रे, बघा! माणूस थांबला, पोट अजून येतंय!"

खरंच यायचं. आधी पाय थांबायचे, मग पोट पुढे जाऊन परत यायचं, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी टोपीचा गोंडा. ज्या कोणी ते काढलं, त्याने जगात किती लठ्ठ माणसांना थांबताना मन लावून पाहिलं असेल! एरवी कोण बघतं? बघितलं तरी हसून सोडून देतात. मास्तरांना त्यात देव दिसायचा म्हटलं तरी चालेल. सुट्टी संपली तरी डबा तसाच असायचा.

पलीकडच्या खोलीत रंगवणाऱ्या बायका बसायच्या. चित्रांच्या रेषा उतरवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर मागच्या बाजूने रंग भरायच्या, पुढून रेष शाबूत राहावी म्हणून. त्यांच्याही पलीकडे एक आजोबा नुसती धुकी आणि डोंगर रंगवायचे. ओल्या कागदावर ओला कुंचला टेकवला की रंग आपला आपण पसरायचा, आणि आजोबा हात मागे घेऊन बघत राहायचे. "आपण मध्ये पडायचं नाही," असं म्हणायचे. मला ती माणसं फार आवडायची. त्यांच्यापैकी कोणाचाही चेहरा पडद्यावर आला नाही. कोल्हा आला, आचारी आला, धुकं आलं.

पुढे कॉम्प्युटर आले. चांगलेच होते ते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आमच्या रांगा उठल्या. स्टुडिओ बंद झाला आणि मास्तरांनी मला हातगाडीवर घालून घरी आणलं.

"हे धूड आता कुठे ठेवायचं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या जागी ठेव. मी बाहेर झोपतो."

मी खिडकीशी राहिलो. माझ्यावर कुंड्या आल्या, वाळत घातलेले मोजे आले. शेजारचे आजोबा एकदा गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आले, कारण तो बघायला अख्ख्या गल्लीत माझ्याएवढा उजेड कोणाकडे नव्हता. मग ती रीतच पडली. ज्याचं हाड दुखेल तो माझ्याकडे. कोल्हे आणि आचारी बघितलेल्या डोळ्यांनी मी गल्लीतली हाडं बघितली. दिवा लावतात हेच खूप, असं म्हणून मी दिवस काढले.

एके दिवशी मास्तरांनी कुंड्या उतरवल्या, काच पुसली आणि कोरा कागद खुंट्यांत बसवला. कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःची फिल्म करायची होती. एक म्हातारं गाढव चढावर ओझं नेतं, वाटेत बसतं, आणि उठतं. एवढीच गोष्ट.

"लोक राजपुत्र काढतात," बाई म्हणाल्या, "तुम्हाला गाढव सुचलं."

"राजपुत्राला काही उचलावं लागत नाही गं."

गाढव वर्षानुवर्षं चढत राहिलं. घरात मुलाचं लग्न झालं, सून आली. ती मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर ॲनिमेशन करायची. नवी नवी होती तेव्हा एकदा सहज खोलीत आली, कागद उचलून बघू लागली आणि बघता बघता जमिनीवरच बसली.

"बाबा, हे सगळं तुम्ही हाताने केलंत?"

"पायाने येत नाही मला."

ती हसली, पण तिची नजर कागदांवरून हलेना. गाढवाच्या पाठीवरचं ओझं डावीकडे कलतं, तेव्हा त्याचा उजवा कान नकळत मागे जातो. तिने ते पुन्हा पुन्हा सोडून पाहिलं. "हा कान!" ती स्वतःशीच म्हणाली. "कोणी सांगितलं तुम्हाला हा कान असा जातो म्हणून?" त्या दिवसापासून ऑफिसातून आली की ती आधी माझ्याकडे यायची, मग चहाकडे. बाई म्हणायच्या, "मुलगा आमचा कुठे भेटला हिला? ही तर सासऱ्याशी लग्न करून आलीये."

आणि मग मास्तरांचा हात कापू लागला.

आधी चहाच्या कपाला कळलं, मग मला. पेन्सिल काचेवर टेकली की टकटक व्हायची. डॉक्टरांनी औषध दिलं, पण हात पहिल्यासारखा होणार नाही हेही सांगितलं. फिल्ममधलं सगळं झालं होतं, फक्त गाढवाचं उठणं राहिलं होतं. तेवढं झालं नाही, तर ते तसंच धुळीत बसलेलं राहणार.

मास्तरांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून उठण्याची मुख्य चित्रं काढली. रेषा वेड्यावाकड्या, जागोजागी थरथरलेल्या. ती त्यांनी सुनेपुढे पालथी ठेवली, उघडून द्यायचीही लाज वाटावी तशी.

"हा नुसता सांगाडा आहे. मधली चित्रं तू भर. आणि माझ्या या किड्यामुंग्या पुसून स्वच्छ रेष काढ. तुला येईल."

सून बसली. कॉम्प्युटरवर वाघ असलेली ती पोर माझ्यावर पेन्सिल धरताना घाबरली होती. पुष्कळ दिवस खपून तिने गठ्ठा तयार केला. मास्तरांनी तो बेचक्यात धरला, सोडला, आणि त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं.

"सूनबाई, याला वाटेत काय खायला घातलंत?"

गाढव बसलं तेव्हा गाढव होतं, उठेपर्यंत घोडा झालं होतं! नव्या माणसाची ही ठरलेली चूक. प्रत्येक चित्र आधीच्यावरून काढायचं, आणि प्रत्येक वेळी रेष केसभर बाहेर पडते. एकेकटं चित्र बघाल तर चूक सापडणार नाही. सगळी मिळून गाढव फुगतं. मूळ चित्र कायम खाली ठेवायचं असतं आणि पुन्हा पुन्हा त्याच्याकडे परत जायचं असतं.

"मशीन हे आपोआप सांभाळतं हो," ती कपाळाला हात लावून म्हणाली.

"तेव्हा असतं तर आम्हाला किती शिव्या कमी पडल्या असत्या!"

तिने सगळं पुन्हा काढलं. या खेपेला माप चुकलं नाही. रेष अशी, की जुन्या स्टुडिओत पाठ थोपटली असती. मास्तरांनी कागद सोडले. एकदा, दोनदा. "छान," म्हणाले. "स्वच्छ." पण आचाऱ्याकडे बघताना त्यांचा जो चेहरा व्हायचा, तो झाला नाही. गाढव उठलं होतं खरं. सकाळी गजर झाल्यावर तरुण माणूस उठतो, तसं.

सुनेलाही ते दिसलं. तिने मास्तरांचे कापरे कागद काढले आणि नुसते तेच सोडून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बाबा, तुमचेच ठेवूया. आहेत तसे. मधली चित्रं मी अशाच रेषेत भरते."

मास्तरांचा आवाज रागाने चढलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता. "हे? हे लोकांना दाखवायचं? सरळ रेषेसाठी आयुष्य घातलं मी. वरच्यांनी माझे कागद फाडलेत, मी पुन्हा काढलेत. आता शेवटाला हे दाखवू? त्यापेक्षा फिल्म माळ्यावर टाकतो."

"बाबा, पण हे गाढव म्हातारं आहे."

"मी म्हातारा आहे. गाढवाच्या नावावर खपवू नकोस."

दोघांनी दार आपटलं नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. पण जेवताना मीठ मागायचं तरी बाईंच्या मार्फत मागितलं जायचं. बाई वैतागल्या. "एका गाढवापायी घरात तीन झाली," त्या म्हणाल्या.

मी आता जुना झालोय. काचेला एका कोपऱ्यात तडा आहे, दिवा दोनदा डोळे मिचकावल्याशिवाय लागत नाही. जायची वेळ येईल तेव्हा जाईन. माझं मागणं एवढंच. हाताने काढलेलं जुनं काही तुमच्यासमोर आलं, पडद्यावर किंवा एखाद्या पुस्तकाच्या पानावर, तर घाई करू नका. कोणाचं पोट कसं थांबतं, कोणाचा कान कुठे जातो, ते बघा. कोणीतरी आपला जेवणाचा डबा बाजूला ठेवून ते बघितलेलं असतं.

आता आज सकाळचं सांगतो.

सुनेने कागद माझ्या खुंट्यांवर चढवले, दिवा लावला आणि मास्तरांना हाक मारली. "बाबा, झालं. बघून घ्या." स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. आपले स्वच्छ कागद तिने बाजूला काढले होते. खुंट्यांवर होते ते मास्तरांचे कापरे कागद, आणि मध्ये तिने तशाच कापऱ्या रेषेत भरलेली चित्रं. पुढचे पाय रोवून झालेत आणि मान वर उचलायचीय, त्या मधलं एक चित्र तिने काढलं नव्हतं. तिथे नुसता कोरा कागद होता.

मास्तर बसले. पहिल्याच कागदाला त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे रागाने पाहिलं. ती पायांच्या बोटांकडे बघत होती. मग, आयुष्यभराची सवय, कागद बोटांच्या बेचक्यांत गेले आणि सुटले.

गाढवाने पुढचा एक पाय टेकवला. तो थरथरला. दुसरा टेकवला. सगळं अंग, कातडीचा केस न् केस, आता जमेल की नाही या विचाराने कापत होतं. पाठ उचलू लागली. मध्ये कोरा कागद आला, आणि मग मान वर.

बाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "उठलं की गं बिचारं!"

मास्तरांनी पुन्हा सोडले. आणखी एकदा सोडले. कोऱ्या कागदाशी दर वेळी हात अडायचा.

मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि कोरा कागद काचेवर सपाट केला. डावा हात मनगट धरायला निघाला होता. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला. पेन्सिल काचेवर टकटकली, आणि टकटकतच चालली. माझ्या अंगावरून इतकी चित्रं गेली, पण एखादं चित्र पूर्ण व्हावं म्हणून मी दिवा असा जपून कधी धरला नव्हता. पाठीची रेष आली, मानेची आली. कान मागे गेला.

मास्तरांनी पेन्सिल पट्टीशी ठेवली. सुनेच्या स्वच्छ चित्रांचा गठ्ठा उचलून तिच्या हातात दिला. बाईंच्या हातातला कप घेतला, चहा थोडा बशीत सांडला तो सांडू दिला, आणि खोलीतून बाहेर गेले.