जांबोटीच्या गाडीची मोजणी

"आक्का, जरा आत सरका. दार लागंना झालंय." ड्रायव्हर मष्णूनं आरशात बघत तिसऱ्यांदा सांगितलं, पण आत सरकायला जागाच उरली नव्हती.

जांबोटीहून पोरांना शहरात नेणाऱ्या विद्यापीठाच्या गाडीत त्या गुरुवारी सकाळी सत्तेचाळीस माणसं चढली होती आणि त्यांतली विद्यापीठाची फक्त सहा. बाकी सगळं गाव. ज्यांनी जन्मात विद्यापीठाचं गेट पाहिलं नव्हतं, ते न्हाऊनधुऊन, इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. रवळूच्या काखेत मुलाची जुनी वही होती. सत्तरीच्या तानीबाईनं शहापूरचं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. एका आजोबांनी तर गळ्यात नातवाचं ओळखपत्र अडकवलं होतं, फोटोची बाजू आत करून.

चूक मष्णूचीच होती. त्याच्या पोटात काही राहत नसे.

मंगळवारी वाहतूक अधिकारी सुनयना मॅडमनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून हुकूम वाचून दाखवला होता. ज्या गाडीला बारा पासवाले नाहीत, ती एक तारखेपासून बंद. मोजणी गुरुवारी गेटवर. मष्णूच्या गाडीला एके काळी तीस मुलं असायची. पण कुसमळी, किणये इथली पोरं आता दुचाकीवर येऊ लागली होती. त्यांतल्या निम्म्यांकडं पार्किंगचा स्टिकरसुद्धा नव्हता. स्टिकरशिवाय वाहन आत घ्यायचं नाही असा नियम होता खरा, पण पार्किंगवरच्या आण्णाप्पाला तोंडातला तंबाखू सोडून शिट्टी वाजवणं जिवावर यायचं.

उरलेल्या सहांत जांबोटीची तेजस्वी होती. तिचं प्रॅक्टिकल नऊला सुरू व्हायचं आणि सरकारी बस साडेदहाशिवाय शहरात पोचत नसे. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. घरात ती आणि आई जयाबाई, दोघीच. शहरात खोली करून राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. गाडी थांबली की पोरीचं शिक्षण थांबलं, इतकं ते सरळ होतं. मष्णूला ते सहन होईना. त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो बोलून गेला, "गुरुवारी माणसं मोजणार हाईत. बारा भरली न्हाईत तर गाडी बंद."

एवढं ऐकल्यावर गाव गप्प बसतंय होय?

"कुणी सांगितलंतं तुमास्नी यायला?" गाडी चालू करता करता त्यानं विचारलं.

"तूच की," जयाबाई मागून म्हणाली. "माणसं मोजणार म्हणालास न्हवं? मग आम्ही कोण हाय, गुरं?"

गाडीभर हशा पिकला. मष्णूला मात्र हसू येईना. पासवाला नसेल त्याला गाडीत घ्यायचं नाही, हे त्याला पाठ होतं. या सगळ्यांना तिथंच उतरवायला हवं होतं. कुसमळीला उतरवू म्हणून तो निघाला. कुसमळी मागं पडली, तेव्हा किणयेला बघू म्हणाला. त्याचा हात उगाच हॉर्नवर जायचा, उगाच गिअरवर. पिरनवाडी आली तरी कुणालाच उतरवलं नव्हतं.

पुढच्या बाकावरून तेजस्वी हळूच म्हणाली, "अण्णा, शहर लागलं की ह्यास्नी अनगोळातच उतरवूया काय?"

"आता कसं सांगू गं? तानीबाईनं लुगडं काढलंय ठेवणीतलं."

गेटवर सुनयना मॅडम हातात तक्ता घेऊन उभ्या होत्या. रोज निपाणीहून येणारी बाई. आई तिथल्या तंबाखूच्या वखारीत राबलेली, त्यामुळं गावाकडची माणसं त्यांना नवी नव्हती. दार उघडलं आणि त्यांची पेन्सिल हवेतच राहिली.

"आज्जी, तुम्ही कशाला आलाय?" त्यांनी पहिल्याच बाकावरच्या तानीबाईला विचारलं.

"मोजून घ्यायला आलाव," तानीबाई म्हणाली. "मोज की बाई, बेगीन. घरला भात कापायचं पडलंय."

मॅडमना हसू आलं आणि लगेच मावळलं. त्यांनी मष्णूला बाजूच्या झाडाखाली नेलं.

"मष्णूअण्णा, सत्तेचाळीस माणसं. घाटाच्या रस्त्यानं. गाडी उलटली असती तर?"

"सावकाश आणली मॅडम," मष्णू म्हणाला.

"मला हे लिहावं लागणार," त्या म्हणाल्या. "लोक जबरदस्तीनं चढले असं लिहिलं, तर तुम्हाला काही होत नाही. पण बाहेरचे लोक गाडी वापरतात म्हणून गाडी आजपासूनच बंद होईल. तुम्ही बोलावलं असं लिहिलं, तर तुमचं स्टेअरिंग काढून घेतील. गाडी चालू राहील, मोजणी परत होईल. पुढच्या गुरुवारी."

मष्णूनं गाडीकडं पाहिलं. अकरा वर्षं ती त्याच्या दारात मुक्कामाला असायची. तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. गावात त्याला कुणी नुसतं मष्णू म्हणत नसे, मष्णू डायवर म्हणत. खिडकीतून जयाबाई त्याच्याकडं बघून हसली, काम फत्ते झाल्यासारखी.

"मीच बोलावलं. लिवा."

"नीट विचार करा, अण्णा."

"लिवा मॅडम. बेगीन लिवा, न्हायतर माझं मन फिरंल."

गाव सरकारी बसनं परत गेलं. जाताना तानीबाईनं विचारलं, "भरली न्हवं रं गाडी?"

"भरली," मष्णू म्हणाला. "लई भरली."

सोमवारी त्याच्या गळ्यात शिट्टी आली. आण्णाप्पाला गेटवर पाठवून त्याला दुचाकीच्या पार्किंगवर बसवलं होतं. ड्यूटी सातला सुरू व्हायची, म्हणून अनगोळात बहिणीकडं राहणं आलं. भाताची कापणी मंगलवर, बायकोवर, टाकून. पत्र्याच्या शेडखाली प्लॅस्टिकची खुर्ची होती, पण मष्णूला बसवेना. सहा पावलं इकडं, सहा पावलं तिकडं. अकरा वर्षं बसून काम केलेल्या माणसाला आता बसणं जमत नव्हतं.

साडेआठला एक निळी मोटरसायकल आत आली. कुसमळीचा युवराज. पहिल्या वर्षी मष्णूच्याच गाडीत दाराजवळ उभा राहून यायचा.

"स्टिकर?" मष्णू म्हणाला.

"अण्णा, मी युवराज. वळखलं न्हाय व्हय?"

"वळखलं. स्टिकर?"

"आजवर कुणी इचारलं न्हाय."

"आजवर मी बशीत होतो."

युवराज गडबडला. स्टिकरला लायसन लागायचं, विम्याचे कागद लागायचे. त्याच्याकडं दोन्ही नव्हतं. "मग गाडी कुठं लावू?"

"घरात लाव. बशीचा पास फीमधीच धरलाय. अर्ज भर, आजच मिळंल."

सीमाभागातलं विद्यापीठ, नियम बोर्डावर कानडीत आणि इंग्रजीत लिहिलेला होता. मष्णूनं तो दोन दिवस मराठीत समजावून सांगितला. किणयेच्या तिघांना परत फिरवलं, कुसमळीच्या पाचांना फिरवलं. एकानं तोंडावर शिवी दिली. एक म्हणाला, डायवरकी गेली म्हणून आमच्यावर राग काढतोस. ते मष्णूला लागलं, चांगलंच लागलं, पण तो पुढच्या दुचाकीचा स्टिकर बघायला वळला. युवराज तेवढा दुसऱ्या दिवशी चालत आला, गाडी बाहेर कुठं तरी लावून. आणि अर्ज भरायची खिडकी कुठली, असं घुश्शातच विचारून गेला.

गुरुवारी मष्णू सकाळपासून गेटकडं डोळे लावून होता. शिट्टी नुसतीच तोंडात धरलेली. लोकांनी कशाही गाड्या लावल्या तरी त्याचं लक्ष नव्हतं. आठ पन्नासला जांबोटीची गाडी आली. आता ती महादेव नावाचा नवा ड्रायव्हर चालवत होता. सुनयना मॅडम दाराशी उभ्या राहिल्या.

मष्णू शेडखालून मोजू लागला. नेहमीची पाच उतरली. मग किणयेची तीन, तोंडं पाडून. मग कुसमळीची. त्यांच्यात शेवटी युवराज उतरला, इकडं न बघता. तेरा झाले. मॅडमनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि पेन्सिल कानामागं खोचली.

मग तेजस्वी उतरली. चौदा. खाली पाय ठेवल्यावर ती सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला वळली. रोज उतरताना ती "येते अण्णा" म्हणायची. आज तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिनं गेटकडं पाहिलं, ऑफिसकडं पाहिलं. मष्णू दोन मोटरसायकलींच्या मागं सरकला. तिला नऊला पोचायचं होतं.

रिकामी गाडी आवाराकडं वळली. गतिरोधकाजवळ महादेवनं ब्रेक जरा उशिराच दाबला, गाडीला हिसका बसला. शेडखाली मष्णूचा उजवा पाय महादेवच्या आधीच जमिनीवर घट्ट दाबला गेला होता.