नऊ मोजेपर्यंत

“खुशालकाका, पाळण्याचा सीन आला की तंबूत लोक कसे करायचे?” गीतांजलीनं माईक माझ्या तोंडाशी धरला. अमरावतीच्या कॉलेजातली पोरगी. भुताखेतांचे जुने सिनेमे दाखवायचा यांचा क्लब आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्या सिनेमाला पेपरवाल्यांनी कचरा म्हटलं, तो या पोरांना संवादांसकट पाठ. आणि मी कोण, तर टुरिंग टॉकीजमध्ये तो चालवणारा ऑपरेटर. म्हणून भर दुपारी माझ्या गळ्यात हार.

थाप मारली असती तर खपली असती. पण या वयात खोटं कुठवर बोलायचं?

“पहिला खेळ सोडला तं मी तो सीन कोणाले दाखवलाच नाई, बाई,” मी म्हणालो. मग सगळं सांगितलं.

बार्शीटाकळीच्या जत्रेतला पहिला खेळ. रुख्मिणी, माझी बायको, बायांच्या बाजूला बसलेली. आमचं लेकरू जाऊन महिना झाला होता. तिचं मन रमेल म्हणून मीच आणलं होतं, अक्कल गहाण ठेवून. पडद्यावर हडळीनं पाळण्यातलं बाळ उचललं आणि रुख्मिणी उठून बाहेर गेली. रडली नाही. “मले काहून दाखवलं हे?” एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या खेळापासून त्या सीनला मी भिंगापुढे तळहात धरू लागलो. नऊ मोजायचे, हात काढायचा. अंधारात नुसती पाळण्याची कडी करकरायची, आणि बाया अशा किंचाळायच्या की विचारू नका. ज्याला त्याला आपापलं भूत दिसायचं. मालक खूश, तंबू महिनाभर हलला नाही. रुख्मिणीही रोज येऊ लागली. वेळेवर माझा हात आडवा येणार, हे तिला ठाऊक होतं.

“मंग काकू नाई आल्या?” गीतांजलीनं विचारलं. पास दोघांचा होता.

“ते गेली, दिवाळीत.”

पोरीनं माईक बंद केला. मला स्टेजवरून खाली आणून पहिल्या रांगेत बसवलं आणि दिवे मालवले. शेजारची खुर्ची मी कोणाला घेऊ दिली नाही. मशीन आता छताला टांगलेलं. तिथं माझा हात कुठून पुरणार?

कडी करकरली, तसा हात उठलाच. त्या रिकाम्या खुर्चीपुढे, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आडवा झाला.

मागून कोणी हळूच म्हणालं, “काका, हात खाली घ्या ना, दिसून नाई राहिलं.”

मी नऊ मोजले. मग घेतला.