मिरची सातशे झाली तर

आमच्या तळपदे सरांचं म्हणणं असं, की भाव वाढला की मागणी कमी होते. हे त्यांनी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि आपण सव्वीस वर्षं हेच लिहितोय असं सांगितलं. सर गिरगावात राहतात. आमची बेबीआत्या परळला, आमच्याच घरात राहते. सव्वीस वर्षांत या दोघांची गाठ पडली नव्हती. ती माझ्यामुळे पडली, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

प्रोजेक्ट पंचवीस मार्कांचं होतं. एक घर घ्यायचं, एक वस्तू घ्यायची, चार वेगवेगळ्या भावांना ते घर किती घेईल ते विचारायचं, फॉर्मवर सही घ्यायची आणि आलेख काढायचा. पास व्हायला दहा लागतात. या विषयात मी एकदा उडालो होतो. पुन्हा उडालो असतो तर पुढच्या वर्गात घेणार नव्हते. त्यामुळे आई ड्युटीवर निघताना रोज 'प्रोजेक्ट' एवढा एकच शब्द बोलायची आणि दार ओढून घ्यायची.

घर म्हणून मी आमचंच घेतलं, कारण दुसऱ्याचं घ्यायला उठावं लागलं असतं. घरातली सगळी खरेदी आत्या करते. वस्तू म्हणून मिरची घेतली, कारण मार्च चालू होता. मार्चमध्ये आमच्या मजल्यावरच्या बायका लालबागला जाऊन वर्षाची मिरची आणतात, भाजतात, कुटून घेतात. चौदा एप्रिलच्या आत मसाला डब्यात पडलाच पाहिजे. जयंतीला गावाहून माणसं येतात, आणि येताना फक्त भूक घेऊन येतात.

मी आत्यासमोर बसलो आणि म्हटलं, "समज, बेडगी चारशे रुपये किलो आहे. किती घेशील?"

"समजू कशाला? काल विचारून आले. चारशे वीस आहे."

"अगं, समज."

"चारशेला कुठे मिळते ते सांग. आत्ता जाते."

यात पाऊण तास गेला. काल्पनिक भाव ही गोष्ट तिला पटेना. तिच्या मते भाव एक तर असतो, नाही तर दुकानदार खोटं बोलत असतो. शेवटी वैतागून मी फॉर्मच तिच्या हातात दिला. चूक इथे झाली. फॉर्मवर चारशे, पाचशे, सहाशे, सातशे असे भाव एकाखाली एक टाइप केलेले होते आणि तळाला कॉलेजचा गोल शिक्का होता.

आमच्या चाळीत गोल शिक्क्याला फार मान आहे. रेशनकार्डावर तो असतो, जातीच्या दाखल्यावर असतो, चाळ पाडणार असल्याच्या नोटिशीवरही असतो. चाळ अजून उभी आहे, पण त्यात शिक्क्याचा काही दोष नाही. आत्याने चष्मा लावला, आकडे वरून खाली वाचले, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि दाराकडे बघून हळू आवाजात विचारलं, "सातशे कधी होणार?"

मी म्हटलं, होणार नाही, फक्त समजायचं आहे. ती म्हणाली, समजलं, कुठे बोलायचं नाही. मग तिने फॉर्म भरला. चारशेला तीन किलो, पाचशेला पाच, सहाशेला सात, सातशेला नऊ. खाली झोकदार सही. मी विचारलं, महाग झाल्यावर जास्त कशी काय घेशील?

"सातशेला गेली म्हणजे आठशेला चाललीय. तेव्हा नाही घ्यायची तर कधी घ्यायची? कॉलेजात शिकवतात तरी काय, धम्म्या?"

त्यानंतर तिने ही गोष्ट शेजारच्या राधाबाईंना सांगितली, कुणाला न सांगण्याच्या अटीवर. राधाबाईंनी त्याच अटीवर तेरा खोल्यांना सांगितली. संध्याकाळपर्यंत शिवडीला दिलेल्या लेकींना आणि वरळीच्या नणंदांना फोन गेले. सगळ्यांना एकच निरोप होता. पोरगा कॉमर्सला आहे, पुढचे रेट कॉलेजातून शिक्का मारून आलेत.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या दुकानदाराने सकाळी दहाला चारशे वीस भाव सांगितला. बाराला दुकानासमोरची गर्दी बघून चारशे साठ. चार वाजता तो स्टुलावर उभा राहून पाचशे सांगत होता, आणि कोणी घासाघीस करत नव्हतं. हे बघून त्याला स्वतःलाच भीती वाटली असावी, कारण पाचला त्याने अर्धं शटर ओढलं. आत्या टॅक्सीने घरी आली. आयुष्यात ती हॉस्पिटल सोडून कशासाठी टॅक्सीत बसलेली नाही. डिकीत नऊ किलो बेडगी होती.

"पाचशे झाली की नाही?" ती म्हणाली. "शिक्का होता तो."

मी तिला सांगून पाहिलं, की भाव तुम्ही वाढवला. ती म्हणाली, मी कशाला वाढवू, मला घ्यायची होती. यावर अर्थशास्त्रात काय उत्तर आहे मला माहीत नाही. त्या रात्रीपासून मी ज्या पलंगावर झोपतो त्याच्याखाली मिरची आहे. अभ्यासात डोळ्यांत पाणी येतं ते मात्र आईला बरं वाटतं.

आलेख काढला तर रेघ वर चढत गेली. तळपदे सरांनी तो बघितला, चष्मा पुसला, कागद उलटा करून बघितला. चढती रेघ उलटी धरली तरी चढतीच राहते, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं. सर म्हणाले, बाकी परिस्थिती कायम आहे असं गृहीत धरायचं असतं. मी म्हटलं, सर, बाकी परिस्थिती आमच्या पलंगाखाली आहे. ते म्हणाले, शनिवारी नवीन फॉर्म आण, सोमवारी मार्कांची यादी ऑफिसला जाते.

मी नवीन फॉर्म नेला, यावेळी शिक्क्यावर अंगठा ठेवून. आत्या म्हणाली, आता कशाला लागते मिरची, घरात नऊ किलो आहे. चारशेला शून्य, पाचशेला शून्य, सहाशेला शून्य, सातशेला शून्य. शनिवारी सरांसमोर जो आलेख ठेवला त्यात रेघ भावाच्या अक्षाला चिकटून गिरणीच्या चिमणीसारखी सरळ उभी होती.

सरांनी फॉर्मवरची झोकदार सही डोळ्यांजवळ धरून तपासली. मग म्हणाले, या बाई खरंच आहेत का? नंबर दे. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आत्या म्हणाली, "जयभीम सर, पोराला पास करा, घरात मिरचीशिवाय काही विषय नाही." सरांनी सगळ्या भावांची पुन्हा खात्री करून घेतली. सगळीकडे शून्य. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"बेबीताई, समजा भाव शून्य असेल तर?"

"म्हणजे फुकट?"

"समजा, फुकट."

"देतंय कोण?"

सर थकले होते. शनिवार होता, दीड वाजला होता. ते म्हणाले, "समजा, कॉलेज देतंय."

"मग दोन किलो घेईन. नाही कशाला म्हणू?"

सरांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या हाताने ठिपका काढला. शून्य रुपयांना दोन किलो, चारशेला शून्य. दोन ठिपके जोडले. रेघ वरून खाली आली, पुस्तकातल्यासारखी. सरांनी यादीत माझ्या नावापुढे अकरा मार्क लिहिले. मी म्हटलं, सर, कॉलेजचं नाव घ्यायला नको होतं. ते म्हणाले, मला शिकवू नकोस.

सोमवारी सकाळी साडेसातला कॉलेजच्या गेटवर अकरा बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. आत्या पहिली, राधाबाई दुसऱ्या. वॉचमन अण्णांनी त्यांना हटकलं, काय ते विचारून घेतलं, आणि आता तेही हातात पिशवी घेऊन बाराव्या नंबरवर उभे होते. सर गिरगावाहून आलेल्या बसमधून उतरले. आत्याने मला हाक मारून दाखवलं, हेच ना रे तुझे सर, आवाजावरून वाटले तेवढे जाड नाहीत.

सरांनी समजावून सांगितलं, की ते उदाहरण होतं. राधाबाई म्हणाल्या, चालेल, उदाहरणाची द्या, आम्हाला कुठे पाहुण्यांना दाखवायचीय. वर प्रिन्सिपलांच्या केबिनची खिडकी उघडली. सरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की यादी अजून माझ्या बॅगेत आहे, अकराचे चार करायला एक रेघ लागत नाही, आधी हे गेट मोकळं कर. मी म्हटलं, सर, मला या बायकांना शून्यावरून हलवता येत नाही. तेव्हा सरांना त्यांची सव्वीस वर्षं आठवली. ते रांगेसमोर जाऊन उभे राहिले आणि भाव वाढवला.

"फुकट नाही," ते म्हणाले. "दहा रुपये किलो."

रांगेत कुजबुज झाली. सर मागणी कमी होण्याची वाट बघत उभे राहिले. आत्याने पिशवीतून आणखी एक पिशवी काढली.

"मग चार द्या. उद्या वीस होतील."

राधाबाई म्हणाल्या, मला सहा. अण्णा गेट सोडून मोठी पिशवी आणायला आत गेले.

सर तसेच उभे होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "धम्मपाल, तुझा तो पहिला आलेख कुठे आहे?"

मी सांगितलं, की आत्याने तो मिरचीच्या डब्यात तळाला घातलाय, वर नऊ किलो आहे, पुढच्या मार्चपर्यंत निघायचा नाही. सरांनी बॅग उघडली, यादी काढली, गेटच्या खांबावर टेकवली, अकरा खोडून एकोणीस लिहिले आणि शेजारी सही केली. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, ते राहू दे, यांना घरी ने.

मी आत्याजवळ गेलो आणि म्हटलं, चल, स्टॉक संपला.

आत्याने पिशव्यांच्या घड्या घातल्या. मग मागे वळून राधाबाईंना म्हणाली, "बघ, सहालाच निघायला हवं होतं."